सतरा नंबरचा बिरोबा

शहरातल्या लोकांकडं पाहुण्यांना दाखवायला बरंच काही होतं. मकबरा होता, पाणचक्की होती, आणि दरवाजे तर इतके होते की नव्या माणसाला आपण कुठल्या दरवाजानं आत आलो तेच सांगता यायचं नाही. आमच्याकडं दाखवायला चारच गोष्टी होत्या, पण त्या आम्ही तेवढ्याच तोऱ्यात दाखवायचो. एक जकात नाका, दुसरं मुकुंदवाडीचं स्टेशन, तिसरी पाण्याची टाकी आणि चौथा आमचा बिरोबा. नाका म्हणजे रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा आणि शेजारी पत्र्याची खोली. दांड्याच्या एका टोकाला दगड बांधलेला असायचा. ट्रक गेला की नाक्यावरचे कारकून मुन्शीचाचा दोरी सोडायचे आणि दांडा धाडकन खाली यायचा. दिवसभर तो आवाज यायचा आणि दिवसभरात आम्हाला तो ऐकू यायचा नाही, इतका अंगवळणी पडला होता. स्टेशनात एक बाकडं होतं आणि एक लोंबता रुळाचा तुकडा होता, तीच घंटा. टाकीचे नुसते चार पाय होते. वरची टाकी बांधायचं कुणाच्या तरी मनातून निघून गेलं असावं. त्या चार पायांच्या सावलीत शेळ्या बसायच्या, आणि तरी पोस्टमन पत्ता विचारी तेव्हा आम्ही म्हणायचो, टाकीवरून आत या.

आमची वस्ती अकरा घरांची, सगळी धनगरांची. रस्ता सोडून माळावर थोडं आत गेलं की ती लागायची. शहर नाक्यापाशी संपतं आणि नाक्यापलीकडं खेडी सुरू होतात, असं सगळे धरून चालायचे. फुलंब्रीकडचे आमचे नातेवाईक आले की म्हणायचे, तुमी तं आता शहरातले. शाळेतली मुलं म्हणायची, ही खेड्यातली, हिच्या दप्तराला मेंढराचा वास येतो. वास यायचा हे खरं होतं. आज मी ज्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तो त्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि आता इथल्या लोकांना क्रांती चौकसुद्धा लांब वाटत नाही. तेव्हा क्रांती चौकात जायचं म्हणजे आई आदल्या दिवशी लुगडं धुऊन ठेवायची.

घरात माणसं तीन. मी, माझी आई, तिला मी माय म्हणायचे, आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. नवरा गेल्यावर ती आमच्याकडं आली ती आमचीच झाली. वडील, आबा, वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठच्या गावांकडं असायचे. त्या काठाला आमच्यात गंगथडी म्हणतात. तिथले शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घेत आणि त्याबदली धान्य देत. आबा नसताना घरावर राज्य आत्याचं असायचं. ती दिवसभर चातीवर लोकर कातायची आणि कातता कातता बोलायची. चाती फिरत असेपर्यंत काळजीचं कारण नसायचं. चाती थांबली की आत्या चिडली आहे हे ओळखून माय अंगणात निघून जायची. घरभर लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास असायचा. सकाळी मेंढीच्या दुधाचा चहा, इतका दाट की वर साय धरायची, आणि बाजरीच्या भाकरीवर लसणाचा ठेचा. दुष्काळ पडला तेव्हा आधी दूध गेलं, मग बाजरी गेली आणि रेशनवर लाल मिलो आला, परदेशी ज्वारी. मिलोची भाकरी तव्यावरच तडकायची आणि घशातून उतरताना जाणवायची. हल्ली माझी मुलगी तसल्याच काहीतरी लाल धान्याचं पीठ महागाचं म्हणून कौतुकानं आणते, पौष्टिक असतं म्हणते. 

आता बिरोबाचं सांगायला हवं. माझे आजोबा मेंढरं घेऊन पहिल्यांदा त्या माळावर आले तेव्हा तिथं काहीच नव्हतं, फक्त एक कमरेएवढा दगड सरळ उभा होता. दगड घडीव होता आणि त्यावर एक काठी आणि एक बेचकं कोरलेलं होतं. धनगराच्या हातात काठी असते, आणि रात्री मेंढरांभोवती काट्याची वाघूर, म्हणजे कुंपण, लावायची तर काटे उचलायला बेचकं लागतं. ओसाड माळावर धनगराची काठी आणि धनगराचं बेचकं कोरून दगड कोण उभा करील? आजोबांनी दुसरा विचारच केला नाही. त्यांनी शेंदूर लावला, भंडारा वाहिला आणि तिथंच खोप घातली. पुढं शेंदरावर शेंदूर चढत गेला, काठी आणि बेचकं दिसेनासं झालं, पण ते खाली आहे हे आबा मला दर वेळी सांगायचा, आणि सांगताना हातानं हवेत काढून दाखवायचा.

रविवारी देवाला आंघोळ घालायचं काम माझं होतं. एका रविवारी मागच्या अंगाचा शेंदूर थोडा उडालेला दिसला आणि तिथं बोटांना उर्दू अक्षरांसारखं काहीतरी लागलं. मला फार आनंद झाला. देवावर लिहिलेलं आहे, म्हणजे आपला देव शिकलेला आहे, असं काहीतरी मला वाटलं असणार. ते सांगायला मी धावत मुन्शीचाचांकडं गेले, कारण आमच्या ओळखीत तेवढेच एक उर्दू वाचणारे होते. आजोबांची काठी आणि बेचकं मी त्यांना धुळीत काढून दाखवलं, मागची अक्षरं आठवतील तशी काढली. चाचा आधी हसले, मग हसायचे थांबले.

"ये काठी नई बेटी, उर्दू का एक है. और ये बेचकं सात. सतरा. निज़ाम के जमाने का हद का पत्थर है ये."

मग त्यांनी चपलेनं धुळीतलं सगळं पुसलं आणि म्हणाले, "तेरे आबा कू नक्को बोल. आदमी के हाथ से उसका देव नक्को लेना."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगावंसंही वाटलं नाही. तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वस्तीची विहीर आटली. तळाला गाळ राहिला, मग गाळालाही भेगा पडल्या. शहराचा शेवटचा नळ स्टेशनच्या अलीकडं होता. बायका रूळ ओलांडून तिथं जायच्या. तिथल्या बायका वाईट नव्हत्या, त्यांनाही पाणी दिवसातून तासभरच यायचं. पण रांगेत आमचा नंबर आला की कुणीतरी म्हणायचंच, "हद्दीभायरच्यांनी मागं ऱ्हावा." माय दोन घागरी आणायची, एक डोक्यावर आणि एक कमरेवर. एके दिवशी रुळावर तिचा पाय अडकला आणि ती उजव्या हातावर पडली. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. आत्याच्या गुडघ्यांनी कधीच साथ सोडली होती. राहिले मी. चार दिवसांसाठी म्हणून माझी शाळा बंद झाली. चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. गुरुजींनी शेजारच्या पोरीबरोबर निरोप पाठवला की आणखी गैरहजर राहिली तर नाव पटावरून काढावं लागेल. मायनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "काय करू पोरी, पानी त कुनी आनावं?" तिचं काही चुकत नव्हतं. मला मात्र रडू यायचं, आणि शाळेवरून घागर घेऊन जाताना मी मान खाली घालायचे.

अशात एका सकाळी नाक्यावर ओव्हरसियर साहेब आले. त्यांच्याबरोबर साखळी धरणारे दोन मजूर होते आणि हातात गुंडाळलेला नकाशा होता. मी पाणी घेऊन परतत होते आणि घागर टेकवून नाक्याच्या सावलीत उभी होते. शहराच्या हद्दीत जेवढी वस्ती आहे तेवढ्यांना दुष्काळ म्हणून नळ द्यायचा हुकूम निघाला होता, आणि साहेब हद्द शोधत होते. चाचांनी त्यांना चहा दिला.

"सोळा नंबरचा दगड फाटकापाशी मिळाला," साहेब म्हणाले. "अठरा त्या पलीकडच्या बांधात मिळाला. मधला सतरा कुठं गेला? नकाशात रेघ इथं पोट काढून गेलीय बघा. सतरा मिळाला तर ही धनगरांची वस्ती आत येते, नळ द्यावाच लागतो. नाही मिळाला तर सोळावरून अठरावर सरळ रेघ मारायची, मग वस्ती बाहेर. तुम्ही इतकी वर्षं इथं आहात मुन्शीजी, तुम्हाला माहीत असेल."

"पुरानी बात है साब," चाचा म्हणाले. "कोई उठा के ले गया होंगा."

ते माझ्याकडं बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. त्यांना बोलायचं असतं तर ते बोलले असते. ते माझ्या आबासाठी गप्प बसले होते, हे मला त्या वयातही कळलं. मी घागर उचलली, दहा पावलं गेले. त्या दहा पावलांत मला मायचा हात आठवला असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला पट आठवला. मी घागर खाली ठेवली, मागं वळले आणि म्हणाले, "सतरा नंबर आमच्या घरी हाये. त्यो आमचा देव हाये."

साहेब हसले, पण आले. देवापुढं उभे राहिले, मागच्या बाजूची अक्षरं वाकून पाहिली आणि चार पावलं मागं झाले. ते म्हणाले, नंबर डोळ्यांनी दिसल्याशिवाय मला लिहिता येणार नाही, आणि शेंदराला मी हात लावणार नाही, माझे मजूरही लावणार नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा, मी परवा येतो. साहेब गेले आणि आत्याची चाती थांबली.

"जीभ झडली न्हाई का गं तुझी?" ती मला म्हणाली. मग मायकडं वळली. "भाऊ आल्यावर काय सांगशीन? नळासाठी देव सोलला म्हनून सांगशीन?"

मायनं बांधलेला हात सावरला. मग म्हणाली, "देवालाच इचारू."

कौल लावायचा ठरलं. आमच्यात देवाच्या छातीवर दोन ज्वारीचे दाणे ओले करून डावी-उजवीकडं चिकटवतात. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. वस्तीतले बहुतेक पुरुष मेंढरांमागं गेलेले, त्यामुळं दुसऱ्या दिवशी देवापुढं जमल्या त्या बायकाच. आत्यानं माझ्याच घागरीतलं तांब्याभर पाणी देवावर घातलं आणि दाणे लावले. वर ऊन असं होतं की पाणी दगडावर पडल्या पडल्या सुकलं, आणि दोन्ही दाणे एकदमच खाली पडले.

आत्यानं वाकून दाणे उचलले.

"त्यो म्हनतोय, मला इचारूच नगा," आत्या म्हणाली.

"त्यो म्हनतोय, तुमचं तुमी बघा," माय म्हणाली. तिनं डाव्या हातानं खुरपं उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "माझा हात मोडलाय. तोंड तू उघडलं, आता हात बी तूच चालव."

मी देवाच्या पाया पडले आणि खरवडायला लागले. वरचा शेंदूर पापुद्र्यांनी सुटला. त्याच्या आत विटकरी थर होता, त्याच्या आत तेलानं काळा झालेला, मध्ये मध्ये भंडाऱ्याच्या पिवळ्या रेघा. मला वाटलं होतं रडू येईल, पण काम अवघड होतं आणि माझं सगळं लक्ष खुरपं घसरू नये याकडं होतं. मग खुरपं एका फटीत शिरलं, मी ते आतल्या आत ओढत राहिले आणि खांद्यापासून पायापर्यंतचं एक जाड टरफल अख्खं सुटून माझ्या मांडीवर आलं. त्यामागं काळा दगड होता, त्यावर काठी होती आणि बेचकं होतं. दोन्ही अगदी आबा हवेत काढायचा तसंच. मुन्शीचाचांना बोलावलं. त्यांनी चपला लांब काढून ठेवल्या, वाकले आणि मागची ओळ वाचली, "हद्द बलदिया." मग आत्याकडं बघून म्हणाले, "मतलब शहर की हद."

आत्यानं ते टरफल पिवळ्या फडक्यात बांधलं. तोवर तिनं मनाशी काहीतरी ठरवलेलं होतं. देव जुना झाला की आपणहून शेंदराचं कवच टाकतो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. असं कवच गंगेत, म्हणजे गोदावरीत, नेऊन सोडतात आणि देव पुन्हा नवा होतो. "देवानं कवच टाकलं," आत्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ज्यानं इचारलं त्याला ह्येच सांगायचं. भावाला बी ह्येच." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू बी."

साहेबांनी नंबर पाहिला, वहीत लिहिला आणि महिन्याच्या आत टाकीच्या पायापासून पाइप आला. पहिल्या दिवशी नळ आधी नुसता खोकला, मग गढूळ आणि मग चांगलं पाणी आलं. मायनं बांधलेला हातसुद्धा त्याखाली धरला. नगरपालिकेच्या माणसांनी दगडाला चुना लावला आणि काळ्या रंगानं मराठीत १७ लिहिलं. आज तिथं चार मजली इमारत आहे आणि तिच्या पार्किंगच्या तोंडाशी तो दगड अजून आहे. कुणीतरी त्याला पुन्हा शेंदूर लावला, वर छत घातलं, आणि आता तो मारुती झाला आहे. शनिवारी रांग लागते. रिक्षावाल्याला मीही तीच खूण सांगते.

मी शाळेत गेले. पटावरचं नाव शाबूत होतं.

पाऊस पडून गेल्यावर आबा आला. मेंढरं निम्मीच राहिली होती आणि तो स्वतःही निम्माच राहिल्यासारखा दिसत होता. घरात शिरायच्या आधी मेंढरांसकट देवापुढं जायचं, हा त्याचा शिरस्ता होता. तो गेला आणि उभाच राहिला. हातातला भंडारा त्यानं कुठं टाकावा हे त्याला कळेना. आत्या पुढं झाली. देवानं कवच टाकल्याची हकिगत तिनं इतकी सरळ सांगितली की क्षणभर मलाही खरी वाटली, आणि तिनं पिवळं फडकं त्याच्या हातात दिलं. आबानं फडकं सोडलं. आपणहून सुटलेलं कवच आतून गुळगुळीत असतं. माझ्या कवचावर आतून खुरप्याच्या रेघाच रेघा होत्या. तो त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिला. बायकांना त्यानं काहीच विचारलं नाही.

"बिरू," तो म्हणाला, "हिकडं ये."

हे माझं नाव. शाळेत बिरूबाई, घरात बिरू. बिरोबाला नवस बोलून झालेली म्हणून आबानंच ते ठेवलं होतं.

"आत्या म्हनती ते खरं का?"

हो म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. त्याला मानायचंच होतं, म्हणून तर त्यानं मला विचारलं. माय माझ्याकडं बघत होती, आत्या बघत होती. मी म्हणाले, "नाय आबा. म्या साहेबाला सांगितलं. म्याच खरवडला. मला शाळंत जायचं व्हतं."

तो खाली बसला. मेंढरं नळाच्या ओलीभोवती गोळा झाली होती. दगडाकडं बघत त्यानं विचारलं, "काय लिव्हलंय त्याच्यावर?"

"हद्द बलदिया. सतरा. शहराची हद्द हितवर, आसं."

"आनि काठी?"

"ती एक हाये. आन बेचकं सात."

"नऊ आयतवार उपाशी बसलो व्हतो मी ह्याच्याम्होरं," आबा म्हणाला. तो रागावला नव्हता, आठवून सांगत होता. "घोटभर पानी बी घेतलं नाय. तवा तू झाली. आता तू कुनी दिली म्हनायचं?"

  मला त्या घटकेला माझ्या शाळेची लाज वाटली, आणि तरीही शाळा सोडावीशी वाटली नाही. दोन्ही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कवच डोक्यावर घेऊन अनवाणी पैठणच्या वाटेला लागला आणि कवच गंगेत सोडून आला. आल्यावर नळाचं पाणी प्यायला, माझ्याशी बोलला, मला कधी मारलं नाही. दिवाळीला माझ्या पुस्तकांना जुन्या वर्तमानपत्राची कव्हरं त्यानंच घालून दिली, आणि मॅट्रिक झाले तेव्हा वस्तीभर गूळ वाटला. फक्त बिरू अशी हाक त्यानं पुन्हा मारली नाही. पोरी म्हणायचा, ए शाळकरी म्हणायचा, काही वेळा नुसतं ए. माय आणि आत्या त्याच्यासमोर मुद्दाम बिरू बिरू करायच्या, तेव्हा तो उठून मेंढरांकडं जायचा. हे त्यानं शेवटपर्यंत पाळलं. शाळेत मात्र रोज सकाळी गुरुजी पट उघडून बिरूबाई म्हणायचे. त्या नावाला वर्ग हसायचा. मी उभी राहायचे आणि जरुरीपेक्षा जरा मोठ्यानंच हजर म्हणायचे.